आधी पडद्यावर, मग साइटवर

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचेही टिकले नाही आणि दुपारपर्यंत पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या पुराच्या आठवणी पुण्यात घरोघर सांगितल्या जातात. बांधकामाच्या धंद्याने मात्र त्यातली एक वेगळी बाब लक्षात ठेवायला हवी. धरणाची भिंत पाणी अडवण्याइतकी उंच झाली होती, पण पाणी सोडायच्या मोरीचे काम अपुरे होते. पावसाळा त्यासाठी थांबणार नव्हता. आधी काय आणि नंतर काय, हा क्रमच चुकला होता.

असे क्रम कागदावर बांधण्याची रीत तेव्हा जगात नुकतीच निघाली होती. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीने 1957 च्या सुमारास ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत बसवली आणि 1958 मध्ये तिथल्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ वापरले. कोणते काम रखडले की सगळेच रखडते, हे त्यातून कळे. पण ते बाण आणि गोल वाचणार कोण? साइटवरच्या मुकादमाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

नकाशांची गत वेगळी नव्हती. सरकारी बांधकाम खात्यासाठी माणसे तयार करायला 1854 मध्ये पुण्यात जो अभियांत्रिकी वर्ग सुरू झाला, त्याचेच पुढे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, म्हणजे सीओईपी, झाले. तेव्हापासून कित्येक पिढ्या समन्वय म्हणजे ट्रेसिंग पेपर एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरणे. आर्किटेक्टचा कागद, आरसीसीवाल्याचा कागद, प्लंबिंगचा कागद. त्यातही चूक निसटायचीच. स्लॅब भरून झाल्यावर कळायचे की ड्रेनेजचा पाइप नेमका बीममधून जातो. मग कोअर कटिंगवाल्याला बोलावणे, आणि बिल कोणी भरायचे यावर तिघांची जुंपणे.

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या नॅव्हिसवर्क्सने हे तिन्ही कागद एका पडद्यावर आणले. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली त्रिमितीय मॉडेले एकत्र लावायची आणि कुठे काय कशात घुसते, म्हणजे ‘क्लॅश’ कुठे होतो, ते शोधायचे. 2007 मध्ये ऑटोडेस्कने ही कंपनी विकत घेतली. नॅव्हिसवर्क्सच्या ‘टाइमलायनर’मध्ये मॉडेलचा प्रत्येक भाग वेळापत्रकातल्या एकेका कामाला जोडता येतो. मग तारीख पुढे सरकते तशी इमारत पडद्यावर उभी राहते. ज्याचे काम चालू ते हिरवे, जे पाडायचे ते लाल. बारचार्ट न समजणाऱ्यालाही, क्रेन उभी करायची तिथे त्या आठवड्यात खड्डाच असणार, हे दिसते. तंटा साइटवरून मीटिंगच्या खोलीत येतो, आणि तिथे तो पुष्कळ स्वस्तात मिटतो.

पुण्यात या पद्धतीची खरी गरज मेट्रोने दाखवली. 24 डिसेंबर 2016 रोजी भूमिपूजन झाले. पुढच्याच महिन्यात उभ्या राहिलेल्या महामेट्रोने नागपुरात ‘फाइव्ह-डी बिम’, म्हणजे मॉडेलला वेळ आणि खर्च दोन्ही जोडण्याची पद्धत, राबवली होती; तीच पुण्यातही आली. सिव्हिल कोर्ट स्थानकापाशी तिचे मोल कळते. इथे एक मार्ग जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर, दुसरा डोक्यावरून, आणि शेजारी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची हिंजवडी मार्गिका यायची. मुठा, मुळा आणि पवना अशी नावे दिलेल्या बोगदायंत्रांनी जुन्या पेठांच्या पोटातून वाट काढली. एवढे सगळे ट्रेसिंग पेपरवर जमवणे अशक्यच.

मॉडेलला मात्र तेवढेच दिसते जेवढे त्यात भरले आहे. स्वारगेटला 2019 मध्ये खोदताना जुने भुयार लागले. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल तर हिंजवडी मार्गिकेसाठी 2020 मध्ये चक्क पाडावे लागले. तिथे दोष सॉफ्टवेअरचा नव्हे; एका खात्याने बांधताना दुसऱ्याचा पुढचा बेत मांडलेलाच नव्हता, तर लाल-हिरवे दाखवणार तरी काय?

अस्सल पुणेरी क्लॅश झाला तो लकडी पुलावर. मेट्रोचा मार्ग या पुलाच्या डोक्यावरून जातो आणि विसर्जन मिरवणूक पुलावरून. वर गर्डर आला तर उंच रथ आणि देखावे खालून जाणार कसे, असा आक्षेप गणेश मंडळांनी घेतला. 2021 मध्ये तिथले काम काही काळ थांबले. महापालिकेत गदारोळ झाला, बैठका झडल्या. बीमची उंची मिलिमीटरमध्ये नोंदलेली असते. रथाची उंची दरवर्षी मंडळ ठरवते, आणि तिची फाइल कोणत्याही ड्रॉइंग ऑफिसातून येत नाही. हा तिढा कुठल्या क्लॅश रिपोर्टने नव्हे, तर समोरासमोरच्या बोलाचालीनेच सुटायचा होता. अखेर काम पुढे सरकले, आणि 1 ऑगस्ट 2023 रोजी गरवारे कॉलेज ते रुबी हॉल क्लिनिक हा टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला.