वेंगुर्ल्याची डच वखार: दगड कोकणात, कागद हेगमध्ये

१/
अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांतून पर्यटकांच्या नौका फिरतात, तेव्हा काठावरची जुनी उंच गोदामे आवर्जून दाखवली जातात. पूर्वेकडून आलेला मसाला तेथे साठवला जाई. त्या व्यापाराचे एक टोक आपल्या कोकणात आहे. ही त्या टोकाची, वेंगुर्ल्याच्या डच वखारीची कथा.

२/
कडेगावहून कराड, कोल्हापूर, आंबोली घाट या वाटेने निघालेला प्रवासी एका दिवसात वेंगुर्ल्यास पोहोचतो. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात या वाटेची दोन्ही टोके आदिलशाहीत होती. त्यामुळे किनाऱ्यावर वखार घालण्यासाठीही डचांना घाट चढून विजापूरचा दरबार गाठावा लागला. १६३७ मध्ये योहान व्हॅन ट्विस्ट हा डच वकील मुहम्मद आदिलशहाकडे गेला आणि त्याच वर्षी वेंगुर्ल्यात वखार उभी राहिली.

३/
या वखारीची मालक होती १६०२ मध्ये स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी. अ‍ॅमस्टरडॅम, मिडलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एन्कहाउझन या सहा शहरांत तिच्या शाखा होत्या. आशियातील कारभार बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, चाले.

४/
पण वेंगुर्लेच का? उत्तर दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर आहे: गोवा. पावसाळा सरला की डच आरमार मांडवीच्या मुखाशी नांगर टाकी आणि लिस्बनला जाणारी पोर्तुगीज जहाजे अडवून धरी. महिनोन्‌महिने समुद्रात उभ्या असलेल्या या जहाजांना पाणी व अन्न जवळच हवे होते. वेंगुर्ल्याची वखार व्यापाराइतकीच या नाकेबंदीसाठी होती. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए यानेही येथे डच जहाजे रसद घेत असल्याचे नोंदवले आहे.

५/
वखारीत माल येई, तशा बातम्याही येत. विजापूर, गोवा आणि मराठ्यांच्या हालचाली येथील अधिकारी बटाव्हियाला कळवत. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी वखारीचा प्रमुख अब्राहम ल फेबर याने त्या सोहळ्याचे वृत्त पत्राने पाठवले. महाराजांच्या सुवर्णतुलेचा उल्लेख त्यात आहे.

६/
अशी पत्रे कशी वाचावीत? इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर स्वतः हजर होता. डच वृत्त मात्र वेंगुर्ल्याच्या वखारीतून लिहिले गेले. शिवाय लिहिणारा व्यापारी होता. नव्या राजामुळे कंपनीचा फायदा होईल की तोटा, हा त्याचा मूळ प्रश्न. म्हणून हे पत्र स्तुतीसाठी लिहिलेले नाही, पण तटस्थही नाही. दोन साधने शेजारी ठेवून ताडून पाहणे, हाच येथे योग्य मार्ग.

७/
वखारीचे महत्त्व पुढे ओसरले. १६६३ मध्ये डचांनी कोचीन जिंकले, मलबारची मिरी हाती आली. पोर्तुगालशी तहही झाला. गोव्याची नाकेबंदी उरली नाही, तेव्हा तिच्यासाठी राखलेले ठाणेही जड वाटू लागले. १६७५ मध्ये मोगलांनी वेंगुर्ले जाळले. १६८० च्या दशकात डचांनी येथील कारभार गुंडाळला.

८/
आज ही वास्तू राज्य संरक्षित स्मारक आहे. तरीही तिची बरीच पडझड झाली. जांभ्याच्या भिंती कोकणचा पाऊस सोसत राहिल्या. याच वखारीशी झालेला पत्रव्यवहार ज्या कंपनीच्या दप्तरात आहे, ते मात्र हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नीट जपलेले आहे. २००३ मध्ये युनेस्कोने कंपनीच्या दप्तरांची जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद केली.

९/
कागद तिकडे टिकला, कारण तो टिकवायचा असे कोणीतरी ठरवले. दगडाबाबत तो निर्णय आपल्याकडे आहे. आणि त्या कागदांबाबतही एक काम बाकी आहे: सतराव्या शतकातील डच भाषा शिकून ते मुळातून वाचणारे मराठी अभ्यासक अजून फार थोडे आहेत.