पलटलेली ट्रॉली आणि पलटलेलं जहाज

सातारा-सांगली भागात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना एक दृश्य सांगायची गरज नाही. कारखान्यांचा सीझन चालू झाला की कराडच्या पुढे कुठेतरी उसाची ट्रॉली पलटी पडलेली दिसणारच. मोळ्या रस्त्यावर, ट्रॅफिक जाम, आणि सल्ले द्यायला पंचवीस जण! पण त्यातला एखादा जाणता माणूस साखळी लावण्याआधी एकच प्रश्न विचारतो, "खालनं काय धरलंय?" कारण नुसतं वरून ओढलं तर ट्रॉली उभी राहत नाही, आहे तशीच घसरत जाते. वरची बाजू ओढायची तर खालची बाजू धरून ठेवावी लागते.

आता ट्रॉलीऐवजी २९० मीटर लांब आणि १ लाख १४ हजार ग्रॉस टनेजचं जहाज डोळ्यासमोर आणा. आजचा विषय तोच, कोस्टा कॉन्कॉर्डिया.

१३ जानेवारी २०१२, शुक्रवारची रात्र. इटलीतल्या जिल्यो बेटाच्या फारच जवळून जाताना हे जहाज खडकावर आपटलं. जहाजावर ४,२२९ माणसं होती, त्यातली ३२ गेली. कॅप्टन स्केत्तीनो माणसं आत असतानाच बाहेर पडला. त्याला पुढे १६ वर्षांची शिक्षा झाली. हे सगळं टीव्हीवर भरपूर येऊन गेलंय, त्यामुळे त्यात शिरत नाही. मला इंटरेस्ट आहे तो नंतरच्या अडीच वर्षांत.

जहाज किनाऱ्याला लागून, साधारण ६५ अंशात आडवं पडलेलं. खाली दोन खडकांचा आधार आणि पलीकडे खोल उतार. म्हणजे घसरलं की संपलं. आधी टाक्यांमधलं दोन हजार टनांहून जास्त इंधन काढलं. मग प्रश्न आला, जागेवरच तुकडे करायचे का? पण हा समुद्र संरक्षित भागातला, आणि आत कुजलेलं अन्न, तेल, रसायनं. शिवाय काही माणसं अजून बेपत्ता होती. ठरलं की जहाज अख्खंच न्यायचं. टायटन साल्वेज आणि मिकोपेरी या कंपन्यांनी काम घेतलं, आणि साइटवरचा प्रमुख होता दक्षिण आफ्रिकेचा निक स्लोन.

उपाय मात्र जुनाच होता. खलाशी दोरात गुंडाळून पिंपं वर चढवायचे, त्या युक्तीला म्हणतात पारबकलिंग. पर्ल हार्बरला ७ डिसेंबर १९४१ ला उलटलेली ओक्लाहोमा ही युद्धनौका १९४३ मध्ये अशीच सरळ केली होती. त्यासाठी किनाऱ्यावर २१ विंच बसवले होते. तिच्यावर ४२९ जण गेले होते. त्यातल्या बहुतेकांची ओळख पटली ती थेट २०१५ नंतर, डीएनए चाचण्यांमुळे!

कॉन्कॉर्डियाच्या वेळी त्या जाणत्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर आधी तयार केलं गेलं. किनाऱ्याच्या बाजूने, जहाजाच्या पोटाखालून साखळदंड घालून ते धरून ठेवलं. समुद्राच्या बाजूला तळात खांब रोवून ६ पोलादी प्लॅटफॉर्म बांधले आणि मधल्या पोकळीत सिमेंटच्या हजाराहून जास्त पिशव्या भरल्या, म्हणजे सरळ झाल्यावर टेकायला जागा हवी ना! जहाजाच्या वर आलेल्या कुशीवर मोठमोठ्या पोकळ पोलादी पेट्या वेल्ड केल्या. या पेट्यांना केबल लावून खाली ओढायचं, आणि त्या पाण्यात गेल्या की त्यांच्यातच पाणी भरायचं. पुढचं काम त्या वजनाचं.

१६ सप्टेंबर २०१३ ला सकाळी ओढायला सुरुवात झाली. नुसतं खडकापासून सोडवायलाच सुमारे ६ हजार टनांचा जोर लागला. १९ तासांनी, पहाटे चारच्या सुमारास, जहाज उभं राहिलं. आपण रिलीजच्या रात्री जागतो, पण आपल्याकडे टेस्ट सर्व्हर असतो, रोलबॅक असतो. यांच्याकडे एकच चान्स होता. एवढ्या आकाराचं जहाज असं कुणी कधी सरळ केलंच नव्हतं!

मग दुसऱ्या कुशीलाही पेट्या लावल्या, एकूण ३०. आता उलटा खेळ, पेट्यांमधलं पाणी काढून हवा भरायची. जुलै २०१४ मध्ये जहाज तरंगलं आणि ओढत जेनोव्हाला गेलं, जिथे ते बांधलं होतं तिथेच मोडायला. या कामात एक स्पॅनिश पाणबुड्या गेला. आणि खर्च? जहाज बांधायला लागला त्याच्या दुपटीहून जास्त.

भंगारासाठी एवढा खर्च? मलाही आधी हाच प्रश्न पडला होता. पण हे वाचा. कर्मचाऱ्यांत दोनशेच्या आसपास भारतीय होते. सगळ्यात शेवटपर्यंत बेपत्ता राहिलेला माणूस आपल्या मुंबईकडचा होता, जहाजावर वेटर. दुसऱ्यांना वाचवायला तो मागे राहिला, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्याचा भाऊ इटलीत वाट बघत होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये, जेनोव्हात जहाज मोडताना, एका केबिनमध्ये त्याचे अवशेष सापडले. दुर्घटनेनंतर पावणेतीन वर्षांहून जास्त काळाने.

आमच्या साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथली ४६ माणसं परमुलखात गेली. घरच्यांच्या वाट्याला शेवटी आला तो गावातला स्मारकाचा दगड. त्या काळी माणूस शोधून परत आणणं कुणाला शक्य नव्हतं, आणि बहुतेक कुणाला गरजेचंही वाटलं नसावं. अशा घरांमध्ये "नक्की गेला का?" हा प्रश्न एका पिढीपुरता थांबत नाही.

म्हणून मला त्या बिलाकडे नुसतं भंगाराचं बिल म्हणून बघता येत नाही. जागेवर घाईघाईने तुकडे केले असते तर कदाचित पैसे वाचले असते. पण मुंबईतलं एक घर अजूनही दाराकडे बघत बसलं असतं.