औषधाचे आयुष्य आणि पहाटेची पाळी

शनिवार पेठेचा इतिहास सांगताना शनिवारवाड्याचा इतिहास सांगून थांबण्याची आपल्याकडे रीत आहे. आणि वाड्याचा इतिहास म्हणजे १७३० साली घातलेला पाया, १७३२ ची वास्तुशांत, १७७३ मधील नारायणराव पेशव्यांचा खून आणि १८२८ ची आग. पेशवाई बुडाल्यापासून या आगीपर्यंतच्या दहा वर्षांत वाड्याचे काय झाले, याकडे सहसा कोणी वळत नाही. त्या काळात कंपनी सरकारने वाड्याच्या निरनिराळ्या भागांत तुरुंग, गरिबांसाठी इस्पितळ, वेड्यांचे इस्पितळ आणि औषधे तयार करून देण्याची जागा, म्हणजे डिस्पेन्सरी, थाटली होती. पाश्चात्त्य पद्धतीचे औषध पुण्यात ज्या जागांतून प्रथम लोकांना मिळू लागले, त्यांत या डिस्पेन्सरीची गणना करावी लागेल. आपल्या वैद्यकाच्या इतिहासात वैद्य असतो आणि डॉक्टर असतो. औषध प्रत्यक्ष करणाऱ्या माणसाला मात्र त्यात क्वचितच जागा मिळते. प्रस्तुत लेख त्या माणसाविषयी, आणि विशेषतः त्याच्या वेळेविषयी आहे. औषध किती काळ टिकते यावरून ते करणाऱ्याने केव्हा उठायचे हे ठरते, आणि तो लोकांच्या नजरेला किती पडतो हेही बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरते, असे मला सुचवायचे आहे.

आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी औषधाच्या आयुष्याचा विचार बारकाईने केला आहे. शार्ङ्गधरसंहितेत कोणत्या कल्पाचे वीर्य किती काळ टिकते याचे कोष्टकच म्हणावे असे विवेचन आहे. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, गुटिका व अवलेह वर्षानंतर. आसव आणि धातूंचे रस मात्र जुने होतील तसे अधिक गुणकारी होतात. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट हे पाच कषाय मात्र ताजेच करायचे. काढ्यासाठी औषधीच्या सोळापट पाणी घालून ते एक अष्टमांश उरेपर्यंत आटवायचे आणि त्याच दिवशी घ्यायचे. औषधसेवनाच्या पाच काळांत पहिला काळ सूर्योदयाचा असून कषाय तर विशेषेकरून प्रभातकाळीच द्यावेत, असा संकेत आहे. रोगी सूर्योदयाला काढा घेणार असेल, तर तो उकळणाऱ्याने त्यापूर्वी निदान दोन घटका उठले पाहिजे, हे ग्रंथकाराने लिहिलेले नाही; लिहिण्याची गरजही नव्हती.

हे ज्ञान ग्रंथांत जसे होते तसेच घरोघरच्या सहाणेवरही होते. तान्ह्या मुलाला सकाळी न्हाऊ घातल्यावर द्यायची बाळगुटी ही रोज ताजी केलेली, मोजून दिलेली औषधयोजनाच होय. हिरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, सुंठ, हळकुंड यांचे सहाणेवर ठरावीक वेढे द्यायचे. मूल वाढेल तसे वेढे वाढवायचे, पोट बिघडले तर एखाद्या जिनसाचे कमी करायचे. येथे मात्रेचे माप वजनाचे नसून हाताच्या फेऱ्यांचे आहे. औषध करणारी, मोजणारी आणि देणारी एकच व्यक्ती आहे आणि ती रोग्याच्या डोळ्यांसमोर बसलेली आहे. वैद्याचेही असेच होते. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांना जी प्रस्तावना लिहिली, तीत नाशिकच्या एका वैद्याला मोफत औषध देतो म्हणून मिळालेल्या उत्पन्नाचा आणि वाईच्या वैद्याकडे सोपवलेल्या औषधी वनस्पतींच्या बागेचा उल्लेख आहे. सरकारने औषधाबरोबर बागही दिली, कारण वैद्यकी आणि औषध करणे ही दोन कामे आहेत असे कोणाला वाटत नव्हते.

ही दोन कामे डिस्पेन्सरीने वेगळी केली. डॉक्टर चिठ्ठी लिहू लागला आणि पडद्यामागे दुसरा माणूस औषध मिसळू लागला. मराठीने त्याला कंपाउंडर या नावानेच स्वीकारले. रोग्याने घरून आणलेली बाटली, तीत भरलेले मिक्श्चर, बाटलीवर चिकटवलेली मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी आणि खलात घोटून बांधलेल्या पुड्या, हे चित्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आपल्या परिचयाचे होते. औषध अजूनही ताजेच होते, आणि दवाखाना उघडण्याआधी येऊन ते सिद्ध ठेवणे हे कंपाउंडरचेच काम होते. प्रतिष्ठा मात्र चिठ्ठीबरोबर निघून गेली. आपल्या बोलण्यात आणि विनोदी लेखनात कंपाउंडर हा शब्द किंचित हेटाळणीनेच येतो. तेव्हा औषध टिकाऊ झाल्यामुळेच ते करणारा उपेक्षित झाला, असे सरळ समीकरण मांडता येणार नाही. उपेक्षेची पहिली पायरी ही कामाची विभागणी होती. टिकाऊपणा ही दुसरी.

ही दुसरी पायरी पुण्यापासून फार दूर नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्याच सुमारास, १९४८ च्या फार्मसी कायद्यान्वये, औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मसिस्टपुरता मर्यादित करण्याची व्यवस्था आकाराला येत होती. कायद्याने ज्या व्यवसायाला मान दिला, त्याच्या हातातला खल कारखान्याने काढून घेतला, हा त्या काळाचा विरोधाभास आहे. गोळीचे आयुष्य आता दोन-तीन वर्षांचे झाले. ती कोणी, कोठे, कोणत्या प्रहरी केली, हे जाणण्याचे रोग्याला कारण उरले नाही. वेष्टनावर महिना आणि साल आले, तास गेला. पेठेतल्या औषधाच्या दुकानदाराला आपण 'केमिस्ट' म्हणतो, परंतु त्याने आपल्यासाठी काही रसायन सिद्ध करावे अशी अपेक्षा आपण ठेवत नाही. या बदलाने असंख्य जीव वाचले, यात शंका नाही. येथे नोंदवायचे आहे ते इतकेच की औषध आणि पहाट यांचे जुने नाते या टप्प्यावर तुटले.

ते अगदी अनपेक्षित दिशेने पुन्हा जुळले. १९५६ मध्ये तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली, १९६० मध्ये 'सायरस', आणि १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. किरणोत्सारी समस्थानिक औषधात मिसळून, ते शरीरात कोठे जाते हे बाहेरून पाहण्याची विद्या महाराष्ट्रात आली. या विद्येचा मुख्य आधार टेक्नेशियम-९९एम हा आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे सहा तासांचे, म्हणजे दर सहा तासांनी त्याची क्रियाशीलता निम्मी होते. असे द्रव्य साठवता येत नाही. म्हणून रुग्णालयात येते ते त्याचे जनक द्रव्य, मॉलिब्डेनम-९९, ज्याचे अर्धायुष्य ६६ तासांचे आहे. शिशाच्या जाड आवरणातील स्तंभिकेवर ते बसवलेले असते. त्यातून सलाइन ओढून घेतले की तयार झालेले टेक्नेशियम तेवढे उतरते. ही युक्ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सिद्ध झाली. या व्यवसायातील लोक जगभर त्या यंत्राला 'गाय' म्हणतात आणि द्रव काढण्याला 'दूध काढणे'. आपल्या भाषेत याला धार काढणे म्हणावे. धार एकदा काढली की साधारण तेवीस तासांनी टेक्नेशियम पुन्हा कमाल प्रमाणात साचते, म्हणून ती रोज सकाळी काढायची. जनक द्रव्यही क्षीण होत असते. सहा दिवसांत ते पाचव्या हिश्श्याच्या आसपास येते. म्हणजे गायही आटते, आणि आठवड्याला नवी आणावी लागते.

पेट स्कॅनसाठी लागणारे फ्लुओरिन-१८ तर याहून अल्पायुषी. त्याचे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. ते सायक्लोट्रॉनमध्ये करावे लागते. देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या त्याच केंद्रात सुरू झाला. असे औषध एखाद्या शहरात करून दुसरीकडे पाठवायचे, आणि भरणे, तपासणे व वाहतूक यांत २२० मिनिटे गेली, तर पोहोचते तेव्हा ते चतुर्थांश उरलेले असते. उपाशीपोटी आलेला रोगी सकाळी आठला खाटेवर असायचा, तर औषध करणाऱ्याची पाळी मध्यरात्रीनंतरच सुरू होणार.

शनिवार पेठेत आज जुन्या वाड्यांच्या खोल्यांतून आणि नव्या इमारतींच्या सदनिकांतून 'कॉट बेसिस'वर राहणारी मुलेमुली पुष्कळ आहेत. त्यांतली बहुतेक स्पर्धा परीक्षांची; अभ्यासिकेतून मध्यरात्र उलटून परतणारी. अशा खोलीत राहून किरणोत्सारी औषधांच्या विभागात नव्याने कामाला लागणाऱ्या तरुणीची कल्पना करावी. इतर मुली झोपायला येतात तेव्हा तिचा गजर व्हायला दोन तास उरलेले असतात. चारच्या सुमारास तिला धार काढायची असते. मॉलिब्डेनमचा अंश तीत उतरला नाही ना हे पाहायचे असते. मग हाडांसाठी, हृदयासाठी, मूत्रपिंडासाठी वेगवेगळी संयुगे सिद्ध करून त्यांची शुद्धता कागदावर तपासायची असते. सारे गणित उलटे करायचे. दहा वाजता रोग्याला २० मिलिक्युरी हवे असतील, तर चार वाजता ४० भरायला हवेत. रोगी उशिरा आला तर गणित पुन्हा. ती स्वतः उशिरा आली तर त्या दिवसाच्या यादीतील प्रत्येक माणूस मागे पडतो.

पहिले काही आठवडे नुसत्या सलाइनवर हात बसवावा लागतो. किरणोत्सारापासून बचावाची तत्त्वे तीन: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आवरण. त्यांतले पहिले सर्वस्वी हाताच्या सवयीवर अवलंबून असते. जे काम नवशिक्याला दोन मिनिटे लागते ते अनुभवी माणूस अर्ध्या मिनिटात करतो, आणि उरलेली दीड मिनिटे त्याच्या बोटांची वाचतात. छातीवर बिल्ला आणि बोटात अंगठी असते ती शरीराला किती किरणे लागली हे नोंदण्यासाठी. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० अशी आहे. गर्भवती स्त्रीने आपली अवस्था लवकर कळवायची असते, कारण गर्भासाठीची मर्यादा फार खालची आहे. नव्या नोकरीत ही गोष्ट वरिष्ठाला सांगणे किती अवघड असते, हे नियमावलीत असण्याची शक्यता नाही. सहाणेवर मात्रा उगाळणाऱ्या आजीला असा हिशेब कधी ठेवावा लागला नव्हता. तिच्या वेढ्यांचे मोजमाप फक्त बाळासाठी होते, इथे एक मोजणी रोग्यासाठी आणि एक स्वतःसाठी चालते.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे देरिदांचा १९६८ मधील 'प्लेटोची फार्मसी' हा निबंध आठवेल. ग्रीक 'फार्माकोन' या शब्दात औषध आणि विष हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, यावर त्याची सारी उभारणी आहे. त्या चर्चेत शब्द आहे, लेखन आहे, पिता आणि पुत्र आहेत. फार्माकोन हाताळणारा हात मात्र नाही. पहाटेच्या प्रयोगशाळेत तो द्व्यर्थ शब्दात राहत नाही. तेच द्रव्य रोग्याच्या शरीरात एकदाच जाऊन निदानाला उपयोगी पडते आणि करणाऱ्याच्या समोर रोज असते, म्हणून मोजावे लागते.

आपल्या भाषेत नोकरीवर 'रुजू' होतात. हा शब्द अरबीतून आलेला, वळणे किंवा परतणे या अर्थाच्या धातूचा. मराठी कानाला मात्र त्यात 'रुजणे' ऐकू येते. या कामात दोन्ही अर्थ खरे ठरतात. शरीराला उलट्या दिवसात रुजायला काही महिने लागतात. आठ वाजता झोपणे, पेठेतील सणासुदीच्या ढोलताशांतून झोपणे, सुटीच्या दिवशीही तीनला जागे होणे, हे सारे त्यात येते. आणि व्यवसाय म्हणून ते परतणेही आहे: औषध पुन्हा ताजे झाले, विशिष्ट माणसासाठी आणि विशिष्ट वेळेसाठी झाले, करणाऱ्याचा हात त्यात पुन्हा आला.

या परतण्याचा मोह पडू देऊ नये, हेही नोंदवले पाहिजे. ताजेपणा म्हणजे नाजूकपणाही असतो. २००९-१० मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील एकच अणुभट्टी दीर्घकाळ बंद पडली तेव्हा जगभर मॉलिब्डेनमची टंचाई होऊन असंख्य तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. गोदामातून काढून देण्यासारखे काही नव्हते. आणि वैद्याच्या अंगणात जी ओळख होती ती या परतण्यात परत आलेली नाही. रोग्याला सुई टोचणारा दिसतो, अहवालावर सही करणारा डॉक्टर ठाऊक असतो. चार वाजता ते औषध कोणी केले हे तो विचारत नाही. भारतीय औषधसंहितेच्या २०१४ च्या आवृत्तीत किरणोत्सारी औषधांना जागा मिळाली. ती करणाऱ्याला मराठीत अजून रुळलेले नाव नाही. 'औषधनिर्माता' म्हटले की डोळ्यांपुढे कारखाना येतो, 'केमिस्ट' म्हटले की दुकान, आणि 'कंपाउंडर' हा शब्द आपणच खराब करून ठेवला आहे. वास्तविक या कामाला तोच सर्वांत जवळचा आहे.

शिशाच्या भांड्यातील त्या लहानशा बाटलीवरच्या चिठ्ठीत औषधाचे नाव, मात्रा, मोजल्याची वेळ आणि किती वाजेपर्यंत वापरायचे ते लिहिलेले असते. कारखान्याच्या गोळीने पुसून टाकलेला तास तिथे परत आलेला आहे. वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने वाड्याच्या तटापासून ते रुग्णालयाच्या तळघरापर्यंत हा तास शोधत जावे. ज्या वेळी तो लिहिला जातो त्या वेळी कोण जागे होते, याचे उत्तर त्याला आपोआप सापडेल.