डग्गा, तीली आणि दिल्ली

सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या वरातीत हलगी थांबते, डीजेची गाडी पुढे सरकते आणि थोड्या वेळात ‘लुंगी डान्स’ लागतं. गाणं रजनीकांतला केलेला मुजरा, चित्रपट हिंदी (‘चेन्नई एक्सप्रेस’, 2013), गाणारा दिल्लीत वाढलेला पंजाबी आणि नाचणारे आपले मामा-भाचे. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ते का वाटत नाही, हा दिल्लीच्या भांगडा-रॅपच्या अभ्यासाचा पहिला प्रश्न. नव्या विद्यार्थ्याचं स्वागत मी ह्याच प्रश्नानं करतो, कारण त्याच्या उत्तरासाठी पंजाबी यावी लागत नाही, संगीताचं व्याकरणही लागत नाही. वरातीत एकदा नाचलेलं असलं की पुरे.

गाणारा म्हणजे यो यो हनी सिंग. खरं नाव हिरदेश सिंग. जन्म होशियारपूरचा, 1983 चा. बालपण पश्चिम दिल्लीतल्या करमपुऱ्यात. भांगडा आणि हिप-हॉपची सांगड घालून तो देशभर पोहोचला, असं त्याच्याबद्दल नेहमी म्हटलं जातं. ते खोटं नाही, पण ह्या वाक्यात भांगडा म्हणजे जुनं-देशी आणि हिप-हॉप म्हणजे नवं-परदेशी अशी दोन तयार गाठोडी गृहीत धरलेली असतात. अभ्यास करायचा तर आधी पहिलं गाठोडं सोडून पाहायला हवं.

भांगडा हा मूळचा सियालकोट, गुजरांवाला, गुरदासपूर ह्या भागातला वैशाखीचा नाच. 1947 मध्ये त्याच्या मुलखावरूनच सीमा गेली. पुढे 1950 च्या दशकात सुनामच्या मनोहर दीपक आणि त्यांच्या भावांनी, ढोलवादक भाना राम यांच्या साथीनं, वेगवेगळ्या नाचांतली पावलं एकत्र गुंफून तेव्हाच्या पेप्सू राज्याचं पथक उभं केलं. हे पथक दिल्लीत प्रजासत्ताक दिनाला नाचलं आणि ‘नया दौर’मुळे (1957) पडद्यावरही पोहोचलं. आज ज्याला आपण ‘अस्सल’ भांगडा म्हणतो, तो बऱ्याच अंशी ह्या काळात मंचासाठी बांधला गेला, आणि त्या मंचांपैकी एक मोठा मंच दिल्लीचा होता. भेसळीची तक्रार करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

त्याच वर्षांत दिल्लीही बदलली. 1941 मध्ये सव्वानऊ लाखांच्या आत असलेली वस्ती 1951 मध्ये साडेसतरा लाखांच्या आसपास गेली. त्यात फाळणीचे निर्वासित पाच लाखांच्या घरात. राजेंद्रनगर, पटेलनगर, टिळकनगर ही नावं आपल्याला ओळखीची वाटतात खरी, पण तिथल्या गल्ल्यांतून ऐकू यायची ती पंजाबी. छोटी घरं आणि लग्नं मात्र मोठी. नव्वदच्या दशकात ‘बोलो ता रा रा’ घेऊन दलेर मेहंदी आले, तेव्हा ह्या शहराला ढोलावर पॉप ऐकायची सवय लागली.

आता ढोलाकडे. उजव्या-डाव्या बोटांच्या बारीक कामाचं हे वाद्य नव्हे. एका हाती जाड, टोकाला वाकलेला डग्गा आणि दुसऱ्या हाती बारीक, लवचिक तीली. डग्गा पोटात घुमतो, तीली कानाशी तडतडते. भांगड्याची ‘चाल’ वाजवायला घ्या: तीली सलग, थोडी झुलत चालते आणि डग्गा मोक्याच्या जागी पडतो. हिप-हॉपच्या ड्रम मशीनवरही घुमणारा खर्ज आणि वरची चुटपुटती तार अशीच वाटणी असते. ब्रिटनमधल्या पंजाबी पोरांनी हे कानानंच हेरलं. पंजाबी एमसीनं 1998 मध्ये ‘मुंडियां तो बच के’त लाभ जंजुआंच्या गळ्याखाली ‘नाइट रायडर’ ह्या अमेरिकी मालिकेच्या धूनमधला खर्ज ठेवला. 2003 मध्ये त्यावर अमेरिकेचा जे-झी रॅप करून गेला. मधल्या काळात, 2001 मध्ये, अमेरिकी रॅपर मिसी एलियटच्या गाण्यात निर्माता टिंबालँडनं तुंबी ह्या पंजाबी वाद्यासारखी एकतारी सुरावट फिरवली होती. म्हणजे रहदारी दोन्ही बाजूंनी चालू होती. कॅलिफोर्नियातून बोहेमिया थेट पंजाबीत रॅप करत होता. दिल्लीच्या पोरांच्या हाती हे सगळं आलं, तेव्हा जोड बऱ्यापैकी सुकलेला होता.

हनी सिंगची सुरुवात गायक म्हणून नाही, दुसऱ्यांच्या गाण्यांना बीट बांधून देणारा म्हणून झाली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दिलजीत दोसांझबरोबरचं ‘लक 28 कुडी दा’ आणि ‘इंटरनॅशनल व्हिलेजर’ हा अल्बम, दोन्ही 2011 चे. पुढच्याच वर्षी गिप्पी ग्रेवालबरोबरचं ‘अंग्रेजी बीट’ ‘कॉकटेल’मध्ये गेलं आणि हिंदी सिनेमानं ह्या आवाजाला दार उघडलं. अल्बमचं नाव पुन्हा वाचा: गावकरी, पण आंतरराष्ट्रीय. दिल्लीच्या मध्यमवर्गीय गल्लीत वाढलेल्या मुलानं गावकऱ्याचा फेटा बांधून परदेशी गाडीत बसायचं, हे सोंग आहे. आणि सोंग वाईट, असं तमाशाच्या मुलखातल्या माणसानं तरी म्हणू नये.

पण सोंगाची किंमतही मोजावी लागते. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर गुडगावमधला त्याचा वर्षअखेरचा कार्यक्रम स्त्रीद्वेष्ट्या गीतांवरून उठलेल्या निषेधामुळे रद्द झाला. ज्या गाण्यावर सर्वाधिक रोष होता ते आपलं नव्हेच, असं त्यानं सांगितलं. तो वाद बाजूला ठेवला तरी दारू, गाडी आणि बाई ह्या तीन खुंट्यांवर ही शैली किती वर्षं टांगलेली राहिली, हे नाकारता येत नाही. पुढे दीर्घ आजारानं तो दिसेनासा झाला. आपल्याला बायपोलर विकार असल्याचं त्यानं नंतर स्वतः सांगितलं.

त्याच्या ‘माफिया मुंडीर’ ह्या टोळक्यात बादशाह होता, वडील हरयाणवी आणि आई पंजाबी. रफ्तार होता, म्हणजे दिलिन नायर, घरची भाषा मल्याळम. मल्याळी मुलाला दिल्लीत रुबाब करायला पंजाबी वळण का घ्यावं लागतं? भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर हा घ्या. आणि टिळकनगरचा प्रभ दीप त्याच शहरात 2017 मध्ये ‘क्लास-सिख’ हा अल्बम काढतो, त्यात गाडीही नाही नि व्होडकाही नाही, मोहल्ल्यातली नशा आणि वाया गेलेले मित्र आहेत. त्याचं काय करायचं?

माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष गेलंय ते ढोल वाजवणाऱ्यांकडे. गिब श्रेफलर यांनी ढोलियांवर 2021 मध्ये पुस्तक लिहिलं, ते मराठी वाचकानं हलगी आणि संबळ आठवत वाचावं. गाण्यात मिरवतो तो जमीनमालक जट्ट. वाजवणारे पिढ्यान्‌पिढ्या बाजीगर, मिरासी अशा समाजांतले. भाना रामही बाजीगरच. जालंधरची गिन्नी माही त्याच ठेक्यावर बाबासाहेबांची गाणी गाते, तेव्हा भीमगीतांवर वाढलेल्या आपल्या वाचकाला घरी आल्यासारखं वाटेल. दिल्लीच्या खिडकी गावातल्या रॅप करणाऱ्या, नाचणाऱ्या मुलांवर गॅब्रिएल दत्तात्रेयन यांचं काम आहे, तेही जरूर पाहावं.

पुस्तकं मात्र दुसऱ्या दिवशी उघडा. आधी येत्या लग्नसराईत एक वही घेऊन वरातीबरोबर चाला. हलगी कुठे थांबली, त्यानंतर कोणतं गाणं लागलं, आधी कोण नाचायला उतरलं, हे टिपा. आणि गाणाऱ्याचं नाव कुणीही सांगेल. हलगी वाजवणाऱ्याचं तेवढं विचारून लिहून ठेवा.