ओरत्तनाडुचं छत्र आणि वडसेरीचा कोळसा

आज आपण तंजावरहून दक्षिणेला, पट्टुकोट्टैच्या रस्त्याने जाऊ. वीस-बावीस किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. मराठी माणसाने थांबावं असं इथे एक ठिकाण आहे, मुक्तांबाळ छत्र. दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने ते बांधलं. रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना इथे जेवण आणि निवारा मिळे, मुलांना शिक्षण मिळे.

ही छत्रं चालत होती कशावर? गावांच्या महसुलावर, म्हणजे शेवटी भातशेतीवर. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांना उरला तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख पगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. मग छत्रांचं काय? 1801 मध्ये राजांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून या धर्मादाय संस्थांना धक्का लावू नये अशी विनंती केली. जमिनीचा करार झाला की तिच्यावर जगणाऱ्यांची सोय वेगळी मागावी लागते, हे त्यांना कळलं होतं.

आता थेट 2023 मध्ये येऊ. मार्चमध्ये केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने लिलावाची यादी काढली. तिच्यात याच ओरत्तनाडु तालुक्यातल्या वडसेरीचं नाव होतं.

समजा, एखाद्या गुंतवणूकदाराने वकिलाला विचारलं, "बोली लावू का?" वकील आधी इतिहास तपासेल. 2010 मध्ये शेजारच्या मन्नारगुडी भागात कोळशाच्या थरातला मिथेन काढण्याचा करार केंद्राने ग्रेट ईस्टर्न एनर्जी कंपनीशी केला होता. शेतकरी उठले. भूजल उपसलं गेलं तर शेती संपेल, ही त्यांची भीती. सेंद्रिय शेतीचे कार्यकर्ते नम्माळ्वार 2013 च्या डिसेंबरात याच प्रचारात असताना वारले. 2015 मध्ये राज्याने प्रकल्पाला कायमचा नकार दिला.

नंतर वकील कायदा उघडेल. खनिज नियमनात केंद्राचा अधिकार मोठा, पण शेती आणि जमीन हे राज्याचे विषय. तमिळनाडूने 2020 मध्ये संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा केला. तंजावर जिल्हा त्यात आला. तेल, नैसर्गिक वायू, कोळशाच्या थरातला मिथेन आणि तत्सम हायड्रोकार्बन काढायला त्यात बंदी आहे. जुने चालू प्रकल्प मात्र वगळले आहेत.

इथे एक खाच आहे. त्या यादीत कोळशाची खाण असे सरळ शब्द नव्हते. मुख्यमंत्री स्टालिन यांनी 4 एप्रिलला पंतप्रधानांना पत्र लिहिलं ते याच कलमाच्या आधारावर. लिलाव पुरा झाला तरी इथे खाण होऊ शकणार नाही, असं त्यांनी कळवलं. हे प्रकरण न्यायालयात गेलं असतं, तर त्या शब्दावर किती वर्षं वाद चालला असता? ती वेळ आली नाही. 8 एप्रिलला केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी वडसेरी वगळल्याचं जाहीर केलं.

विकसनशील देशांत हे पुन्हा पुन्हा घडतं. एल साल्वादोरमध्ये पॅसिफिक रिम या कंपनीला सोन्याची खाण नाकारली गेली. तिने आंतरराष्ट्रीय लवादात सुमारे 25 कोटी डॉलर मागितले. 2016 मध्ये ती हरली आणि तिलाच 80 लाख डॉलर खर्च भरावा लागला. कारण काय? मागितलेल्या पूर्ण क्षेत्रातल्या जमीनमालकांची संमती तिच्याकडे नव्हती.

म्हणून चांगला वकील दोन प्रश्न आधी विचारतो. या जमिनीवर कोण जगतं? आणि त्यांची सोय कुठे लिहिलेली आहे? सरफोजीराजांना ती तहानंतर पत्र लिहून मागावी लागली. वडसेरीच्या शेतकऱ्यांच्या पाठीशी निदान एक कायदा होता, एका शब्दाने अपुरा असला तरी. तो शब्द वेळेवर लिहून घेणं, हेच पुढचं काम.