सभागृहाचे बहुमत आणि जनतेचा कौल

बहुमताचा निर्णय शिरोधार्य, हे लोकशाहीचे पहिले सूत्र होय. परंतु ते बहुमत कोणत्या प्रश्नावर मिळाले, हेही पाहावे लागते. गोव्याच्या पहिल्या विधानसभेचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी तीस जागांच्या विधानसभेसाठी मतदान झाले. महाराष्ट्रात विलीनीकरण हे ध्येय मानणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला व दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोव्याचे वेगळे अस्तित्व राखू पाहणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाचे नेतृत्व डॉ. जॅक सिक्वेरा यांच्याकडे होते.

जानेवारी १९६५ मध्ये विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. निवडणूक याच प्रश्नावर जिंकली, मग पुन्हा विचारायचे काय, अशी सत्ताधाऱ्यांची भूमिका होती. विरोधक स्वतंत्र कौल मागत होते, आणि त्या मागणीत तथ्य होते. पक्षाला मत देणारा मतदार भाटकाराविषयीचा रोष, कुळाच्या हक्काची आशा, मराठी शाळांची ओढ, असे कितीतरी हेतू एकाच मतात बांधतो. शिवाय जागांचे बहुमत म्हणजे मतांचे बहुमत नव्हे.

प्रदेशाचे भवितव्य ठरविण्याचा अंतिम अधिकारही संसदेचाच होता. संसदेने १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपातीपणे घेतला जावा, यासाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरात बांदोडकर मंत्रिमंडळ अधिकारावरून दूर झाले.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित राहण्यासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते पडली, तर दोन पानांना १,७२,१९१. ३४,०२१ मतांच्या अंतराने सभागृहाचा ठराव जनतेने अमान्य केला.

यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, आणि त्याच जनतेने त्याच पक्षाला पुन्हा सत्ता दिली! यात विसंगती वाटेल. ती वरवरची आहे. राज्य कोणी चालवावे आणि राज्य कोठे असावे, हे दोन निराळे प्रश्न होते. एकत्र असताना त्यांचे उत्तर संदिग्ध राहिले, वेगळे होताच ते स्पष्ट झाले.

ज्या वेगळेपणाला बांदोडकरांचा विरोध होता, त्याच वेगळ्या प्रदेशाचा कारभार त्यांनी १९७३ मधील आपल्या निधनापर्यंत पाहिला. पुढे ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. आपले प्रमुख ध्येय मतपेटीत पराभूत झाल्यावरही त्या पक्षाने मतपेटीचा मार्ग सोडला नाही, ही गोष्ट त्या ३४,०२१ मतांच्या आकड्याइतकीच ध्यानात ठेवण्यासारखी आहे.