किशोरीची कादंबरी (मराठी)

किशोरीची कादंबरी : साधारण बारा ते अठरा वयाची मुलगी जिच्या केंद्रस्थानी आहे आणि तिचे लग्न कोणाशी होणार यापेक्षा 'मी कोण, कोणाची, कशासाठी' हा तिचा स्वतःचा पेच जिच्यात महत्त्वाचा आहे, अशी कादंबरी. मराठीत हा प्रकार क्षीण आहे. नांदेड-लातूरच्या पट्ट्यात, जिथे या वयाच्या मुलीचे आयुष्य सर्वांत जास्त ओढाताणीचे आहे, तिथे तर तो फारच मोजका आढळतो.

याचे एक कारण शब्दातच सापडते. मुलाला मिसरूड फुटते, म्हणजे त्याचे वय त्याच्या स्वतःच्या ओठावर दिसते. त्याच वयाच्या मुलीसाठी आपल्याकडे रूढ असलेला जुना शब्द 'उपवर' हा आहे. तिचे वय अजून न आलेल्या नवऱ्यावरून मोजले जाते. तिला न्हाण येते, पदर येतो, आणि लगेच घरातली कुजबुज सुरू होते. बालपण आणि सासर यांच्यामध्ये जी चार-सहा वर्षे असायला हवीत, ती भाषेने मुलीला दिलीच नव्हती. बालभारतीने १९७१ साली कुमारांसाठी मासिक काढले, त्याचे नाव 'किशोर'. मुलींनीही ते आवडीने वाचले, पण 'किशोरी' हा शब्द मराठीत राहिला तो एका थोर गायिकेच्या नावात आणि पुढे अंगणवाडीतून लोहाच्या गोळ्या वाटणाऱ्या सरकारी योजनांच्या नावात.

प्रारंभ : मराठी कादंबरीची सुरुवात मात्र मुलीच्या नावानेच झाली. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही पहिली मराठी कादंबरी मानली जाते. तिची नायिका यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, वाटेत विधवांची दुःखे पाहते आणि शेवटी स्वतः त्याच वाटेला येते. पदमनजींचा रोख धर्मप्रसाराकडे होता, त्यामुळे यमुना बरेचदा लेखकाचेच बोलते. तिला स्वतःचा आवाज मिळायला दुसरी यमुना यावी लागली.

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापली. ती १८९३ साली पुस्तकरूपाने आली. यमूची ही आत्मकथा आहे. ती लहानपणापासून सांगायला बसते : धाकात ठेवणारे वडील, सोसणारी आई, जीव लावणारा दादा, नवऱ्याच्या हातून हाल सोसणारी मैत्रीण दुर्गी, आणि पोरवयातच झालेले स्वतःचे लग्न. तिचा नवरा रघुनाथराव तिला लिहायला-वाचायला शिकवतो आणि मुंबईच्या बिऱ्हाडात तिला थोडी मोकळी हवा मिळते. तो अकाली जातो आणि सासरची मंडळी तिचे केशवपन करतात. हे पुस्तक सुधारणावादी कादंबरी म्हणून शिकवले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. त्याच्या पहिल्या भागात जी पोरगी बोलते, ती मराठीतली पहिली खरी किशोरी आहे. ती घरातल्या मोठ्यांना न्याहाळते, त्यांच्या बोलण्यातली खोच ओळखते, भाबडेपणाने विचारते आणि उत्तर न मिळाल्यावर मनात नोंद करून ठेवते. आपण लिहू शकतो हे कळल्यावर तिला 'मी' सापडतो. पुढे तिचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, पण त्या 'मी'ला कोणी पुसू शकले नाही, कारण तो कागदावर उतरला होता. ही कादंबरी छापली जात असतानाच, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेण्यात आले आणि तेवढ्यावरून पुण्यात रणकंदन माजले. यमूचे वय तेव्हा वादाचा विषय होते, हे ध्यानात ठेवून ही कादंबरी वाचावी.

दोन्ही यमुना पुरुषांनी लिहिल्या. त्यांच्याआधी एका खऱ्या शाळकरी मुलीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते, हे कादंबरीच्या इतिहासात सहसा येत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती कादंबरी नव्हे. पण आमचा धर्म कोणता, हे तिने थेट देवालाच विचारले आहे. ओळखीचा याहून उघडा प्रश्न पुढच्या शंभर वर्षांत मराठी कथानायिकेने क्वचितच विचारला असेल.

विसावे शतक आणि पुढे : विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलेल्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) या कथासंग्रहाने खळबळ उडवली. या लेखिका म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यातल्या मुली शिकलेल्या आहेत आणि लग्न लांबलेल्या आहेत, म्हणजे किशोरवयाच्या पलीकडच्या. तरी 'कळी' ही प्रतिमा तिथून रूढ झाली आणि पुढच्या कित्येक लेखकांनी ती झिजवून टाकली. चिं. त्र्यं. खानोलकरांची 'चानी' वेगळी आहे. गोऱ्या साहेबापासून झालेली, सोनेरी केसांची आणि गावाने दूर लोटलेली ही कोकणातली मुलगी आपण कोणाचे हे विचारते, आणि गाव तिला तिच्या अंगाच्या रंगावरून उत्तर देते. व्ही. शांताराम यांनी १९७७ साली तिच्यावर चित्रपट केला. कादंबरीतली दाहकता मात्र कादंबरीतच आहे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ही किशोरवयाची मराठीतली खूप वाचली गेलेली कादंबरी. तिच्यातली शिरोडकर आपल्याला दिसते ती फक्त मुकुंद जोशीच्या नजरेतून. कादंबरी घडते त्या आणीबाणीच्या काळात शिरोडकरच्या घरी, तिच्या मनात काय चालले होते, याची कादंबरी कोणी लिहिली नाही. वाचकांनीही ती मागितली नाही, हे जास्त बोलके आहे.

इंग्रजीत या प्रकाराचा बाजार वेगळा उभा राहिला. अमेरिकेत ज्यूडी ब्लूम यांनी १९७० साली अकरा-बारा वर्षांच्या मार्गारेटच्या तोंडून पाळी, धर्म आणि मैत्रिणी यांबद्दल बोलून घेतले आणि तिथल्या शाळांच्या ग्रंथालयांत वादळ उठवले. आपल्याकडे तेव्हा याच गोष्टी बाजूला बसवलेल्या मुलीला चुलत बहीण कानात सांगत होती. त्या कानगोष्टींना छापखाना मिळाला नाही.

मराठवाडा : निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू होती. मराठी शाळा मोजक्या, त्यांत मुली त्याहून मोजक्या. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले ते १९५० साली. घरात मराठी वाचणारी मुलगी ही या भागात गेल्या एकदोन पिढ्यांतलीच गोष्ट आहे. मुलीची कादंबरी इथे उशिरा यावी यात नवल नाही.

मधल्या काळात इथल्या साहित्याने पोरवय लिहिले ते मुलाचे. लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चोर म्हणून शिक्का बसलेल्या जमातीत आपण कोण, हा प्रश्न त्यात नागडा उभा आहे आणि उत्तराची वाट शाळेतून जाते. या धाटणीच्या आत्मकथनांत मुलगा पाटी घेऊन गावाबाहेर पडतो. त्याच्या बहिणी घरी राहतात, धाकटी भावंडे सांभाळतात आणि पुढच्या प्रकरणात त्यांची लग्ने झालेली असतात. प्रसाद कुमठेकरांची 'बगळा' उदगीरच्या बोलीत लिहिलेली आहे. 'काय करूलालीस?' असे विचारणारी ही बोली अख्खी कादंबरी पेलू शकते, हे तिने दाखवले. पण नायक पुन्हा पोरगाच. या पट्ट्याच्या शेजारी, उमरग्याच्या बालाजी मदन इंगळे यांनी 'झिम पोरी झिम' लिहून खेड्यातल्या पोरींना कादंबरीच्या नावातच जागा दिली. अशी दुसरी उदाहरणे बोटांवर मोजावी लागतात.

कविता महाजन : या नोंदीत हे नाव अटळ आहे. ५ सप्टेंबर १९६७ रोजी नांदेडला जन्मलेल्या कविता महाजन यांनी 'ब्र' (२००५) आणि 'भिन्न' (२००७) या कादंबऱ्यांनी मराठी कादंबरीतली बाई बदलली. पहिलीत आदिवासी भागातल्या महिला सरपंच आहेत, दुसरीत एचआयव्हीने वेढलेली आयुष्ये. 'ब्र' हे नावच पाहा. 'ब्र न काढणे' हा वाक्प्रचार मराठी मुलीच्या संगोपनाचे पहिले सूत्र आहे आणि महाजनांनी त्यातला 'न' काढून टाकला. 'कुहू' (२०११) मध्ये त्यांनी शब्दांबरोबर चित्रे, आवाज आणि संगीत यांची मल्टिमीडिया कादंबरी रचून पाहिली. 'जोयानाचे रंग' हे मुलांसाठी. इस्मत चुगताई यांच्या कथांच्या 'रजई' या अनुवादाला साहित्य अकादमीचा २०११ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. 'भारतीय लेखिका' ही मालिका संपादित करून त्यांनी इतर भाषांतल्या स्त्रियांना मराठीत आणले.

म्हणजे मुलांसाठी लिहून झाले आणि बायांसाठीही लिहून झाले. मधली, ना लहान ना मोठी अशी नांदेडची मुलगी नायिका होऊन आली नाही. हा दोष महाजनांचा म्हणता येत नाही, कारण प्रौढ बाईच्या तोंडून त्यांनी जे बोलून घेतले त्याची मुळे पोरवयातच आहेत. पण अशी कादंबरी त्यांनीच लिहावी, इतकी तयारी दुसऱ्या कोणाची नव्हती. २७ सप्टेंबर २०१८ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचे पुण्यात निधन झाले.

न लिहिलेला ऐवज : कोशाने न लिहिलेल्या पुस्तकांविषयी बोलू नये असा संकेत आहे. इथे तो मोडावा लागतो, कारण या भागातला खरा ऐवज तिथेच पडून आहे.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, कंधार-मुखेड-अहमदपूरकडून, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तोडणीत 'कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती पूर्ण कोयत्याला, एकट्याला मिळाली तर अर्धी. मुलाचा कोयता पुरा व्हावा म्हणून सून हवी, आणि वाढत्या मुलीला गावात एकटी कोणाच्या भरवशावर ठेवावी म्हणून तिचे लग्न हवे. बालविवाहामागे केवळ अडाणीपणा शोधणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते. बीडमध्ये ते जवळपास ४४ आणि परभणीत ४८ टक्के होते. यमूला सव्वाशे वर्षे उलटल्यावरची ही आकडेवारी आहे.

दुसरी मुलगी लातूरच्या भाड्याच्या खोलीत आहे. 'लातूर पॅटर्न'च्या, म्हणजे शिकवण्या आणि सराव परीक्षांवर उभ्या असलेल्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीच्या, नावावर दहावीनंतर खेड्यापाड्यांतून मुली इथे येतात. तीन कॉटची खोली, मेसचा डबा, भिंतीवर चिकटवलेली सूत्रे, शिकवणी, सराव परीक्षा, पुन्हा शिकवणी. एका गुणाने हुकली की तिचे नाव 'रिपीटर' होते आणि वर्षभर तेच राहते. बापाने रान विकून किंवा सावकाराचे काढून फी भरलेली असते, त्यामुळे 'मला डॉक्टर व्हायचे नाही' हे वाक्य तिला परवडत नाही. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही इथल्या मुली परीक्षांच्या तयारीत होत्या. घरापासून लांब, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची किल्ली हातात असलेली ही मुलगी मराठी कादंबरीला अजून पुरती सापडलेली नाही.

तिसरी गोष्ट जुनी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. भारतीय जैन संघटनेने बाराशेच्या आसपास मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. आई-बाप नाहीत, गाव नाही, बोली वर्गात हसण्यावारी नेली जाते, अशा स्थितीत वाढलेल्या मुली आज चाळिशीत आहेत. ओळखीचा शोध ज्याला म्हणतात, तो त्यांनी समीक्षकांच्या आधीच जगून घेतला आहे.

अलीकडची स्थिती : मुलींच्या मनातले लिहायला मराठीने अलीकडे रोजनिशीचा आधार घेतलेला दिसतो. संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०२२ साली मिळाला. पियू वयाने लहान आहे, घर सुखवस्तू आहे, तरी मुलीच्या हातातली वही हे साधन पुन्हा मध्यभागी आले, हे महत्त्वाचे. यमूनेही तेच केले होते. हाच पुरस्कार २०२५ साली नांदेडच्या सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया'ला मिळाला. 'आभाळमाया' हा कवितासंग्रह आहे.